चोलोक-सू ठाण्याला तीन माणसं हवी आहेत

१४ जून

पत्र आलं. टपालाची गाडी आठ दिवस खिंडीपलीकडे अडकली होती, तोवर मी सुखात होतो.

मजकूर असा : चोलोक-सू पोलीस ठाण्याची मंजूर पदं अठरा, प्रत्यक्षात हजर नऊ. एक ऑक्टोबरला हजेरीपटावर किमान बारा माणसं नसतील, तर ठाणं बंद करून खिंडीपलीकडच्या ठाण्यात विलीन करण्यात येईल. खाली सही, सहीखाली शिक्का, शिक्क्याखाली 'शुभेच्छांसह'.

खिंड नोव्हेंबर ते एप्रिल बर्फाने बंद असते. म्हणजे डिसेंबरात कुणी कुणाचं डोकं फोडलं, तर फुटलेलं डोकं एप्रिलपर्यंत जपून ठेवायचं, पुरावा म्हणून.

नवांत मीही आलो. ठाणेदाराची खुर्ची दोन वर्षं रिकामी, म्हणून प्रभारी मी. भरतीचं काम माझ्याकडे. स्वयंपाकीण गेल्यापासून मंगळवारचं सूपही माझ्याकडे. दुपारी सगळ्यांना अंगणात उभं करून पत्र वाचून दाखवलं. सार्जंट सादिर बराच वेळ बोटं मोजत होता. मग म्हणाला, "कॅप्टनसाहेब, नवांतून बारा कसे काढणार?"

"काढायचे नाहीत रे. तीन घालायचेत."

"हां, मग ठीक. मला वाटलं आपल्यालाच काढतायत, वर आणखी तीन बाहेरचे."

अशी माणसं घेऊन मी तेवीस वर्षं कायदा सांभाळतोय.

घरी अनारकान पीठ मळत होती. सगळं ऐकून म्हणाली, "तीनच ना? मिळतील." आमची कुमुशाय शेजारी कांदा चिरत होती. तिने विचारलं, "बाबा, भरतीत धावायचं किती असतं?" म्हटलं, "तीन किलोमीटर. तुला कशाला?" "असंच." पोरीला बापाच्या कामात रस आहे, बरं वाटलं. बावीसची झाली. यंदा शाळेत बालवर्गावर लागेल, मुख्याध्यापिकेशी माझं बोलणं झालंय.

२० जून

बाजारात, दवाखान्यात आणि मशिदीच्या फाटकावर भरतीचे कागद लावले. मशिदीसमोरच्या बाकावर बसणारा म्हातारा मोल्दोगाझी मोठ्याने वाचत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "जेक्शेन, पोरं आहेत कुठे? अर्धी मॉस्कोत टॅक्सी चालवतात, उरलेली कुरणावर मेंढरांमागे. हा कागद मेंढरांना वाचून दाखवणार आहेस का?"

मी म्हटलं, देशाला गरज आहे.

"मग मलाच घे. एकाहत्तर वय आहे, पण दमदार आहे." हे बोलून त्याला जी खोकल्याची उबळ आली, ती थांबेपर्यंत मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो.

संध्याकाळी बाजारातून सूर्यफुलाच्या बिया घेतल्या. माझ्याच भरतीच्या कागदाच्या पुडीत बांधून मिळाल्या.

२ जुलै

पहिला उमेदवार आला! आणि तो इशेनबाय निघाला.

इशेनबाय म्हणजे आमच्या तालुक्याचा घोडेचोर. अकरा वर्षं आम्ही त्याच्या मागावर आहोत. तो टोपी हातात घेऊन, दाढी करून, नवा शर्ट घालून माझ्यासमोर बसला.

"बाइके, अर्ज द्या." बाइके म्हणजे दादा. घोडेचोराचा मी दादा!

"तुला? कशासाठी?"

"पोलिसांत यायचंय. वय एकोणतीस. उंची बसते. घोड्यावर बसता येतं, ते तुम्हाला माहीतच आहे."

मी उभा राहिलो. टेबलावर मूठ आपटली. दौत सांडली. "या ठाण्याच्या इतिहासात असा उद्धटपणा झालेला नाही! चालता हो!"

तो उठला आणि दारापर्यंत गेला. तिथून म्हणाला, "तुम्हीच शिकवलंत पळायला, आणि आता तुम्हीच हाकलता." गेला. सादिर म्हणाला, साहेब, आत आला होता तेव्हा पकडायला हवा होता. खरंच की. पण तोवर तो पुलापलीकडे पोचला होता.

११ जुलै

मनाला एक काळजी लागली आहे, ती इथेच लिहितो.

कुमुशाय रोज पहाटे घरातून जाते. विचारलं तर म्हणते, गाय बघायला. आमची गाय मे महिन्यापासून कुरणावर आहे. दीड तासाने परत येते ती लालबुंद होऊन, धापा टाकत, डोळ्यांत चमक. तेवीस वर्षांचा तपासाचा अनुभव आहे माझा. बावीस वर्षांची मुलगी पहाटे धापा टाकत येते, याचा अर्थ एकच.

मुलगा कोण?

अनारकानला विचारलं. ती खळखळून हसली आणि म्हणाली, "तुमची नजर म्हणजे ना!" बायकांना धोका कळत नाही.

शिवाय माझं पोलीस कायद्याचं पुस्तक कपाटातून नाहीसं झालंय. उंदीर असावेत. पिंजरा लावला.

१९ जुलै

मोठी बातमी! गिरणीवाल्याचे जुळे, आसान आणि उसेन, दोघांनीही अर्ज भरले. दोनाची सोय झाली.

आज वैद्यकीय तपासणी. दोघं एकदम आले नाहीत, गिरणी बंद ठेवता येत नाही म्हणून. सकाळी आसान आला, दुपारी उसेन. आणि काय निसर्गाची करणी! दोघांची उंची एक, वजन एक, रक्तदाब एक, डाव्या मनगटावर भाजल्याचा डागसुद्धा अगदी एकसारखा. डॉक्टर पण चकित झाले. उसेन लहानपणापासून जरा लंगडतो असं मी ऐकून होतो, पण आज अजिबात लंगडला नाही. देशसेवेच्या विचाराने माणूस सरळ होतो.

दुपारी सादिरने कागदांचा गठ्ठा आणला. अठ्ठावीस सह्या केल्या. दर कागद वाचत बसलो तर ठाणं कोण चालवणार?

२७ जुलै

मुलगा कोण ते कळलं.

आज सुटी होती. सफरचंदाच्या बागेमागे भिंतीला लागून चाललो होतो, तर पलीकडून सादिरचा आवाज. माझाच सार्जंट! म्हणत होता, "अजून एकदा. जमतंय, जमतंय. सोडू नकोस." आणि माझ्या मुलीचा आवाज, "नाही रे सादिर बाइके, हात दुखायला लागले." तो म्हणतो, "कालपेक्षा दोनने जास्त झालं. तुझ्या बाबांना कळेल तेव्हा बघ तोंड कसं होतं त्यांचं!" आणि दोघं हसले.

मी भिंतीवरून पाहणार होतो, पण भिंत उंच आणि मी ठेंगणा. तिथेच दगडावर बसून राहिलो. सादिर एकोणचाळीसचा आहे. लग्न झालेलं आहे. त्याच्या तिसऱ्या मुलाच्या बारशाचं मटण मी खाल्लंय.

उद्यापासून त्याची नेमणूक गवताच्या गंजीवर. पहाटे चार ते आठ.

२८ जुलै

सादिरने नेमणूक आनंदाने घेतली. म्हणाला, "बरं झालं साहेब, तिथलं मैदान सपाट आहे." मला काही अर्थ लागला नाही. निर्लज्ज.

९ ऑगस्ट

तिसरा माणूस मिळत नाही. मशिदीत, दवाखान्यात, बसथांब्यावर, लग्नात, दोन मयतींत विचारून झालं. मयतीत विचारल्याबद्दल अनारकान रागावली. पण तिथे तरणी पोरं खांदा द्यायला येतात, एरवी दिसतात कुठे?

विभागातून फोन आला होता. लाइन खरखरत होती. पलीकडचा कारकून म्हणाला, "अभिनंदन! लेखी परीक्षेत तुमच्या तालुक्याची उमेदवार सगळ्या विभागात पहिली आली!" मी ओरडलो, "कोण? नाव?" तो म्हणाला, "तो... खर्र... वा... खर्र..." आणि लाइन गेली.

उमेदवार म्हणजे मुलगी! कुणाची असेल? घरी येऊन सांगितलं. कुमुशायच्या हातातून चहाची वाटी पडली, फुटली. अनारकान फुटक्या वाटीकडे बघून म्हणाली, "शुभ असतं."

मी म्हटलं, "पण बाईमाणूस? थंडीत, खिंडीत, दारुड्यांच्या भांडणात? आधीच सांगतो, मला पसंत नाही."

कुमुशाय तुकडे गोळा करून बाहेर गेली. बहुधा तिला त्या मुलीचा हेवा वाटला असावा.

२९ ऑगस्ट

आज जे घडलं ते क्रमाने लिहितो, नाही तर मलाच उद्या खरं वाटणार नाही.

मैदानी चाचणी घ्यायला विभागातून कर्नल बी. अल्मानोव येणार, असं तारेत होतं. मी मेंढा कापला, डोकं पाहुण्यासाठी बाजूला ठेवलं. गाडीतून उतरल्या त्या कर्नल बुरुल्चा अल्मानोवा. तारेत शेवटचा 'आ' राहून गेला होता. उंच, रुंद, आणि आवाज असा की गिरणी चालू असूनही ऐकू यावा. मी म्हणालो, "या, कर्नलसाहेब... बाईसाहेब..." त्या म्हणाल्या, "कर्नल पुरे. धावायची रेघ कुठे आहे?"

रेघेवर उमेदवार उभे होते. आसान (उसेनची पाळी त्याच्यानंतर, गिरणी बंद ठेवता येत नाही). आणि छातीवर तीन नंबर लावून, केस करकचून बांधून, माझी जुनी पट्ट्यांची विजार दोऱ्यांनी आवळून, माझी कुमुशाय.

मी तिथे गेलो. हळूच म्हटलं, "कुमुश, घरी जा. पाहुणे आलेत."

ती समोर बघत म्हणाली, "उमेदवार क्रमांक तीन, तोकोएवा कुमुशाय. हजर."

मागे सादिर हातात घड्याळ घेऊन उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद, जणू त्याचीच मुलगी. तेव्हा माझ्या डोक्यात पहाट, गाय, पुस्तक, न वाचता केलेल्या अठ्ठावीस सह्या, बाग, गंजी सगळं एकदम कोसळलं. उंदराचा पिंजरासुद्धा.

कर्नलनी शिट्टी वाजवली. मैदानाला गिरणीसकट सहा फेऱ्या. थांबण्याच्या रेघेवर वेळ घ्यायला मी. जुळ्यांबद्दल एक नोंद करतो : आपापल्या पाळीत दर फेरीला ते गिरणीच्या मागे जाताना धापा टाकत असत आणि बाहेर येताना अगदी ताजेतवाने. याला म्हणतात दम. पाचव्या फेरीला कुठूनसा इशेनबाय घुसला, नंबर नाही, काही नाही, आणि पाहता पाहता सगळ्यांच्या पुढे गेला. कर्नलनी विचारलं, "तो कोण?" मी म्हटलं, "प्रेक्षक."

कुमुशाय शेवटच्या वळणावर आली. तोंड लाल, बुटाची नाडी सुटलेली. सगळं गाव ओरडत होतं. बाकावरचा मोल्दोगाझी बाकावर उभा राहिला. मीही ओरडत होतो, हे मला नंतर कळलं. ती रेघ ओलांडून माझ्या अंगावरच येऊन पडली.

"वेळ?" कर्नलनी विचारलं.

मी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. मी ते सुरूच केलं नव्हतं.

कर्नल म्हणाल्या, "वेळ नाही म्हणजे चाचणी नाही. एक तासाने पुन्हा."

कुमुशायने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहू शकत नाही. ती एवढंच म्हणाली, "बाबा, या वेळी घड्याळ सादिर बाइकेंकडे द्या."

एका तासाने पुन्हा धावली. तेरा मिनिटं एकवीस सेकंद. उत्तीर्ण. जुळे उत्तीर्ण. मेंढ्याचं डोकं कर्नलनी एकटीने संपवलं.

३० ऑगस्ट

सकाळी चहाचे तीन वाडगे झाले. शेवटी मीच म्हटलं, "मला का सांगितलं नाहीत?"

अनारकान म्हणाली, "सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

"नाही म्हटलं असतं."

"म्हणून."

कुमुशाय म्हणाली, "बाबा, दहावीत असताना मी तुम्हाला विचारलं होतं, मी पोलीस होऊ का? तुम्ही किती हसलात. पाहुण्यांनाही सांगितलंत. मी दोन दिवस जेवले नव्हते."

मला ते आठवतच नव्हतं. म्हणजे हसलो ते आठवतं. ती जेवली नव्हती ते माहीत नव्हतं.

जाऊन सादिरची माफी मागितली. त्याने विचारलं, कशाबद्दल? काय सांगणार! म्हटलं, गंजीबद्दल. तो म्हणाला, "छे हो, गंजीवर झोप छान लागायची."

बारा झाले! नऊ अधिक तीन.

५ सप्टेंबर

बारा झाले नाहीत.

कर्नलचं पत्र. नियमाप्रमाणे बापाच्या हाताखाली मुलीची नेमणूक करता येत नाही. एक तर शिपाई तोकोएवा हिने खिंडीपलीकडच्या ठाण्यात जावं, नाही तर कॅप्टन तोकोएव यांनी जागा सोडावी. ती गेली तर अकरा. मी गेलो तर अकरा. खडूने भिंतीवर सात वेळा मांडून पाहिलं. सादिरनेही मांडून पाहिलं. त्याचं उत्तर चौदा आलं, पण ते धरता येत नाही.

कुमुशायला पत्र दाखवलं. तिने दोनदा वाचलं, घडी घातली. "मी जाते पलीकडे. तुमचं ठाणं आहे ते, बाबा."

"थंडीत सहा महिने येता येणार नाही."

"माहीत आहे."

ती गोठ्याकडे गेली. गाय अजून कुरणावरच आहे. बराच वेळ रिकाम्या गोठ्यात उभी होती.

८ सप्टेंबर

ठरलं. मी जाणार. अठ्ठेचाळीस वर्षं वय, गुडघे कुरकुरतात, आणि घड्याळ सुरू करायचंसुद्धा ध्यानात राहत नाही. अनारकानला सांगितलं तेव्हा वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही रोज घरी?" आणि खाली बसली.

पण मी गेलो तरी अकराच. एक माणूस हवा, आणि तो कुठे आहे हे मला माहीत आहे. तीन दिवस मी ते स्वतःशी कबूल करत नव्हतो.

१२ सप्टेंबर

इशेनबायकडे जाऊन आलो. वरच्या कुरणावर त्याचा जाड लोकरी नमद्याचा तंबू आहे. अकरा वर्षं आम्हाला सापडला नाही. आज एका मेंढपाळाला विचारलं, त्याने बोटाने दाखवला.

इशेनबाय मला बघून सवयीने पळायला लागला. मी घोड्यावरून ओरडलो, "थांब! अर्ज घेऊन आलोय!"

तो थांबला. लांबूनच म्हणाला, "शपथ?"

"शपथ."

आत बसवलं. घोडीच्या दुधाचा आंबट कुमिस वाडग्यात घालून दिला. कुणाच्या घोडीचा, ते मी विचारलं नाही.

मी म्हटलं, "खरं सांग. पोलीस का व्हायचंय तुला?"

तो वाडग्यात बघत म्हणाला, "बाइके, पूर्वी तुम्ही पाच-पाच जण यायचात मागे. दोन बाजूंनी घेरायचात. रात्रभर झोप नसायची, पण मजा होती. मग तुमची माणसं कमी होत गेली. गेल्या वर्षी शाळामास्तरांची घोडी नेली, तर एकटा सादिर आला, तोही ओढ्यापर्यंत. तिथून ओरडून म्हणाला, 'इशेनबाय, आज दुसरं कुणी नाही रे, मी परत जातो.' मी खडकावर एकटाच उभा. मला इतकं वाईट वाटलं! त्याच दिवशी ठरवलं, याला काही अर्थ नाही."

"मास्तरांची घोडी?"

"ती स्वतःच परत येते माझ्याकडे. तीनदा सोडून आलो."

"चौथ्यांदा सोड. बाकीचे घोडेही. मग सही करतो."

"आणि माझ्या मागे कोण लागणार?" त्याने विचारलं, अगदी गंभीरपणे.

"तू दुसऱ्यांच्या मागे लागायचं."

हा विचार त्याने आधी केलेला नसावा. तो हळूहळू हसायला लागला.

१६ सप्टेंबर

गेल्या चार दिवसांत तालुक्यात एकवीस घोडे आपापल्या दारांत परत आले. आमच्याकडे तक्रार फक्त चौदांची होती. उरलेल्या सातांचे मालक ठाण्यात येऊन म्हणाले, आम्हाला वाटलं लांडग्याने नेले.

इशेनबायला चारित्र्याचा दाखला हवा होता. लिहिलं : 'अर्जदारावर आजवर एकही गुन्हा सिद्ध झालेला नाही.' शब्दनशब्द खरं. अकरा वर्षांच्या माझ्या मेहनतीचं फळ. कर्नलना फोनवर सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "तोच ना, प्रेक्षक? त्याला घ्या. आणि पहिलं वर्षभर त्याच्याबरोबर तुमची मुलगी ठेवा."

३० सप्टेंबर

शपथविधी झाला. चौघं रांगेत उभे. आसान आणि उसेन आज पहिल्यांदा एकदम एका जागी दिसले. उसेन एक वीत बुटका आणि चांगलाच लंगडतो. मी सादिरकडे पाहिलं, सादिरने आभाळाकडे पाहिलं. उसेनला हजेरीपट लिहायला बसवा, असं शेवटच्या हुकमात लिहिलं. अक्षर सुरेख आहे त्याचं. आता पाहतो तर दोघाही भावांच्या लेखी परीक्षेचे कागद त्याच सुरेख अक्षरात आहेत. उद्यापासून तो प्रश्न माझा नाही.

कुमुशायची टोपी मोठी होती, कानांवर येत होती. तिने शपथ वाचली. आवाज एकदाच हलला. मी सलाम केला तेव्हा माझा हात खाली यायलाच तयार नव्हता, शेवटी तीच पुटपुटली, "बाबा, पुरे."

माझ्या राजीनाम्यावर माझीच सही प्रभारी म्हणून लागते. केली. आठ जुने, चार नवे. बारा.

७ ऑक्टोबर

घरी बसून सातवा दिवस. अनारकानने मला तीन वेळा कुंपण रंगवायला लावलं.

आज संध्याकाळी कुमुशाय गणवेशातच आली. हातात कागद. मी सवयीने हात पुढे केला, तर तिने कागद पाठीमागे नेला. "सरकारी आहे, बाबा. तुम्हाला दाखवता येत नाही."

"मग आणलास कशाला?"

"आईला वाचून दाखवायला."

अनारकान पुढे येऊन बसली, आणि मी चुलीपाशी उभा राहून, ऐकत नाही असं दाखवत ऐकलं. मंत्रालयाने चोलोक-सू ठाण्याचं कौतुक केलं होतं. खिंडीपलीकडच्या ठाण्याला मात्र बारा माणसं जमवता आली नाहीत, तिथे सातच उरली. सबब ते ठाणं बंद करून आमच्यात विलीन. नवी मंजूर पदं छत्तीस. एक जानेवारीपर्यंत हजेरीपटावर किमान चोवीस हवेत, अन्यथा. खाली शुभेच्छा.

"बारा आणि सात एकोणीस," कुमुशाय म्हणाली. टोपी काढून तिने डोकं भिंतीला टेकवलं. "पाच कमी. सादिर बाइकेंचं उत्तर तीन येतंय. मोल्दोगाझी आजोबांनी पुन्हा अर्ज मागितलाय. भरती सगळ्यांनी माझ्याच गळ्यात घातलीय. आता कुठून आणू माणसं?"

मला पुष्कळ सुचवायचं होतं. त्याऐवजी चहाची किटली चुलीवर ठेवली.

अनारकानने पिठाचे हात पुसले. "बायकांना वयाची मर्यादा किती म्हणालीस?"

"पस्तीस, आई."

अनारकानने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. "आणि जन्मदाखला हरवला असला तर?"

कुमुशायने भिंतीवरून डोकं उचललं आणि आईकडे खालून वरपर्यंत पाहिलं, उंची मोजल्यासारखं. मी चहा ओतला आणि कुंपणाला चौथा हात द्यायला बाहेर गेलो.